दोन काड्यांची फट

दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते एका बॉनेटवरून. जमिनीवरून झालं असतं, दागिन्यांवरून झालं असतं, तर चार लोकांत सांगायला तरी बरं दिसलं असतं. पण घरात जमीनही नव्हती आणि दागिनेही नव्हते, म्हणून त्यांनी बॉनेटवर भागवलं.

थोरला डेंटर, म्हणजे गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. लहानपणापासून हाताला लागेल ते ठोकायची खोड, म्हणून घरात त्याचं नाव ठोक्या पडलं. आता साठी दारात येऊन उभी राहिली, तरी आई आणि बहीण त्याला त्याच नावानं हाक मारायच्या. धाकटा पेंटर. त्याला सगळे बाळ्या म्हणत. हा बाळ्या पन्नाशी उलटलेला, स्टिअरिंगमागे बसला तर आधी पोट बसायचं आणि मग तो. वडील, म्हणजे अण्णा, होते तोवर थोरला ठोकायचा, धाकटा रंगवायचा, अण्णा दोघांना शिव्या घालायचे आणि वर्कशॉप झकास चालायचं.

अण्णांचा एकच मंत्र होता. बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट दोन काड्यांची पाहिजे. आगपेटीतल्या दोन काड्या शेजारी शेजारी धरायच्या आणि फटीतून काचेपासून दिव्यापर्यंत फिरवायच्या. अडकल्या तर फट अरुंद, खुळखुळल्या तर रुंद. आयुष्यभर अण्णांनी हेच सांगितलं आणि मरताना एक गोष्ट सांगायची विसरले. काड्या कधी फिरवायच्या, रंगाआधी की रंगानंतर?

ते गेल्यावर वर्षाच्या आत घोडं तिथंच अडलं. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं बॉनेट थोरल्यानं दोन काड्यांवर बसवलं, कोऱ्या पत्र्यावर. धाकट्यानं रंग दिला. गिऱ्हाइकानं बॉनेट आपटून बंद केलं आणि कोपऱ्यावरचा नखाएवढा रंग उडाला. "फट अरुंद ठेवलीस," धाकटा म्हणाला. "रंग थापलास, भिंत असल्यासारखा," थोरला म्हणाला. मग एकमेकांची अक्कल निघाली, मग बायकांची माहेरं निघाली, आणि संध्याकाळपर्यंत वर्कशॉपच्या मधोमध पत्रे उभे राहिले.

वाटणी झाली आणि मग दोघांच्या लक्षात आलं, की डेंटरकडे पेंटर नाही आणि पेंटरकडे डेंटर नाही. पण माघार घेतील तर ते अण्णांचे मुलगे कसले! थोरला स्वतःच रंगवायला लागला. त्यानं रंगवलेल्या दारावरून रंगाचे असे ओघळ यायचे, की गाडी रडत आली आणि रडतच गेली असं वाटावं. धाकटा स्वतःच ठोकायला लागला. तो एक चेप काढताना दोन नव्या घालायचा आणि तिन्हींवर पुट्टी भरायचा. शहाणी गिऱ्हाइकं एका दारानं आत जायची, ठोकून घ्यायची, बाहेर पडून वळसा घालायची आणि दुसऱ्या दारानं रंगवायला आत यायची. दोघांच्या बायका मात्र मागच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी एकाच दोरीवर कपडे वाळत घालून हसतखेळत गप्पा मारत. भांडण नवऱ्यांचं होतं, त्यांना त्यात रस नव्हता.

आता या वाटणीत एक भानगड राहिली होती, ती म्हणजे अण्णांची हिरवी गाडी. ही गाडी धाकट्याहून वयानं मोठी. नाकाड पुढे काढलेली, डोळे गोल, आणि बंद करताना बॉनेटचा असा भारदस्त आवाज, की शेजारचे म्हणत, अण्णा आले. ती नेमकी वर्कशॉपच्या मधोमध उभी होती. ढकलून बाजूला घ्यायला दोघं लागतात, आणि दोघं एकत्र येणार नव्हते. म्हणून पत्र्यांची भिंत तिच्या पुढच्या बंपरपर्यंत आली, थांबली, आणि डिकीच्या मागून पुन्हा सुरू झाली. डावं अंग थोरल्याचं, उजवं धाकट्याचं. बॉनेट कोणाचं यावर हाणामारी होईल असं दिसलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्या बहिणीनं, ताईनं, ते उतरवून घेतलं आणि आपल्या घरी माळ्यावर टाकलं. "भांडणाचं मूळ मी घेऊन जाते," ती म्हणाली. "आता शेंड्यावरून भांडा."

वर्कशॉपच्या मागे घर. त्याचीही दोन घरं झाली. मधल्या दाराला फळ्या ठोकल्या गेल्या. आई दुपारी थोरल्याकडे जेवायची आणि रात्री धाकट्याकडे. मधलं दार बंद, म्हणून म्हातारीनं पुढून पायरी उतरायची, सगळ्या वर्कशॉपला वळसा घालायचा आणि पलीकडची पायरी चढायची. एका संध्याकाळी ती पायरी चुकली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

याबद्दल थोरल्याला कोणी काही बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. त्या फळ्या त्यानं ठोकल्या होत्या. इस्पितळातून आई पाच गल्ल्या पलीकडे ताईकडे गेली, तिथंच राहिली, काठी घेऊन चालायला लागली, आणि परत यायचं नाव काढेना. थोरला एक दिवसाआड जायचा. मधल्या दिवशी धाकटा जायचा. आई दोघांना तीच वाक्यं ऐकवायची, फक्त नाव बदलून.

थोरल्याला आई घरी हवी होती. तिच्याशिवाय घरात कोणी त्याला शिव्या घालत नव्हतं. बायको समजूतदार होती, ती फार तर गप्प बसायची. सकाळी भिंतीपलीकडून येणाऱ्या आईच्या खोकल्यानं त्याला जाग यायची सवय. आता खोकला नव्हता तरी जाग यायची आणि मग उगाच छताकडे बघत पडावं लागायचं.

अशात एका सोमवारी ताई वर्कशॉपमध्ये आली. पत्रा जिथं गाडीपाशी थांबतो तिथं, बंपरसमोर, ती अशी उभी राहिली की दोन्हीकडे ऐकू जावं.

"पुढच्या सोमवारी आमच्या सामानाचा ट्रक येतोय," ती म्हणाली. "आम्ही दोघं मुलाकडे राहायला चाललोय. कायमचे. दोन दिवसांचा प्रवास आहे, तेव्हा एक दिवसाआड भेटायला येणं विसरा."

"आणि आई?" थोरल्यानं विचारलं.

"आई?" पत्र्यापलीकडून धाकट्यानंही त्याच क्षणी विचारलं.

"आईचा निरोप नीट ऐका. रविवारी जेवायच्या आत अण्णांच्या गाडीतून मला न्यायला या. दोघं या. एकटा आला तर परत पाठवीन. टॅक्सी आणली तर काठीनं तिची काच फोडीन. नाही आलात तर मी ट्रकमध्ये बसले म्हणून समजा."

"ताई, त्याला सांग, गाडी तीन वर्षं जागची हललेली नाही," थोरला म्हणाला.

"तो बहिरा नाही, ठोक्या. तुझ्यापासून चार हातांवर उभा आहे."

"ताई, त्याला सांग, माझी बाजू तयार असेल. त्यानं त्याची बघावी," पलीकडून आवाज आला.

"मी काय पोस्टमन आहे?" ताई म्हणाली. "शुक्रवारी बॉनेट पाठवते. त्याच्यावर गाद्या रचल्यात, त्या आधी काढायला पाहिजेत." आणि ती निघून गेली.

मग जो आठवडा गेला, तसा त्या वर्कशॉपनं पूर्वी पाहिला नव्हता. गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवण्यात आलं. थोरल्यानं पहिल्याच दिवशी बॅटरी काढून आपल्या टेबलावर चार्जिंगला लावली आणि या दूरदृष्टीबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग डावं मडगार्ड उतरवलं, ठोकलं, घासलं, आणि नाइलाजानं रंगवलं. धाकट्यानं उजवं मडगार्ड घेतलं. त्याला ठोकता येत नव्हतं हे तीन वर्षांपूर्वीच ठरलं होतं, पण रंग असा दिला की त्यात बघून दाढी करावी. दोघांनी रंग वेगवेगळ्या दुकानांतून आणला. दोघांनीही दुकानदाराला सांगितलं, अण्णांच्या गाडीचा हिरवा. थोरल्याला कच्च्या आंब्याचा हिरवा मिळाला आणि धाकट्याला शेवाळ्याचा.

पण खरी गंमत पुढे झाली. मडगार्ड परत बसवताना ते किती आत आणि किती बाहेर ठेवायचं हे बॉनेट बघून ठरवायचं असतं. मडगार्डाची भोकं त्यासाठीच लांबट असतात, बोल्ट सैल केला की ते थोडं इकडेतिकडे सरकतं. बॉनेट तर ताईच्या गाद्यांखाली होतं. मग दोघांनी आपापल्या परीनं गाडीचा मध्य काढला आणि तिथून मोजून मडगार्ड कसलं. आता शेताचा बांध जसा कोणी आपल्याकडून कोरत नाही, नेहमी शेजाऱ्याकडूनच कोरतो, तसं दोघांनी मध्य काढताना आपल्याला सोयीचा काढला. थोरल्यानं मडगार्ड जरासं आत सरकवलं. धाकट्यानंही सरकवलं. आपल्या वाट्याची गाडी थोडी जास्त असलेली बरी.

शुक्रवारी संध्याकाळी हातगाडीवरून बॉनेट आलं. मागोमाग ताई. एका बाजूनं थोरल्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं धाकट्यानं, एकमेकांकडे न बघता. काचेखालच्या दोन बिजागऱ्यांना बोल्ट लावले आणि बॉनेट हळूहळू खाली आणलं. ते दोन्ही मडगार्डांच्या मध्ये येऊन बसलंच नाही. दोन्हींच्या वर चढून बसलं, लहान डब्याला दुसऱ्याच डब्याचं झाकण लावावं तसं.

"ताई, त्याला सांग, त्याचं मडगार्ड आत आलंय."

"ताई, त्याला सांग, आधी स्वतःचं बघ."

ताईनं पिशवी उचलली. "रविवारी जेवायच्या आत," ती म्हणाली. "आई म्हणते, ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा तिला." आणि गेली.

आता निरोप द्यायला कोणीच राहिलं नाही. मग थोरला बॉनेटकडे बघून म्हणाला, "बॉनेटा, तुला सांगतो. डावं मडगार्ड अण्णांच्या हिशेबानं बसवलंय. ते हलणार नाही."

धाकट्यानं बॉनेटवर टिचकी मारली. "बॉनेटा, उजवंही अण्णांच्याच हिशेबानं बसवलंय. तेही हलणार नाही."

बॉनेट बिचारं काय बोलणार! दोघं आपापल्या दारानं घरी गेले.

त्या रात्री थोरला जेवला नाही. बायकोनं विचारलं, तर म्हणाला भूक नाही. खरं म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलेली आई येत होती, मांडीवर पिशवी, हातात काठी, आणि मागे न बघता निघालेली. ती बघणार नाही याची त्याला खात्री होती. आयुष्यात ती कधी कोणासाठी मागे वळली नव्हती. आपण दोन सूत पत्रा जिंकायचा आणि आई घालवायची, हा कसला व्यवहार? शनिवारी उजाडताच तो उठला, वर्कशॉपमध्ये गेला, पाना घेतला आणि आपल्या मडगार्डाचे बोल्ट सैल केले. मडगार्ड चांगलं बाहेर सरकवलं आणि पुन्हा कसलं. नुसतं आपल्या वाट्याचं नाही, भावाच्या वाट्याचंही सरकवलं. म्हणजे त्याला काही करायलाच नको आणि आपण नमलो हे त्याला कळायलाही नको. एवढं करून तो चहा प्यायला घरात गेला.

तो चहा पीत होता तेव्हा पत्र्यापलीकडून पान्याची बारीक किरकिर ऐकू येत होती. त्यानं लक्ष दिलं नाही. सकाळी धाकटा काहीतरी खुडबुड करतच असतो.

दहाच्या सुमाराला दोघं पुन्हा बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहिले. बॉनेट खाली आणलं, आणि ते या वेळी वर चढलं नाही. सरळ आत गेलं. दोन्ही बाजूंना एवढी फट राहिली, की दोन काड्या कसल्या, अख्खी आगपेटी आत पडावी. थोरल्यानं वाकून डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. धाकट्यानं आधी उजवीकडे, मग डावीकडे. मग दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं.

"तू सरकवलंस?" थोरला म्हणाला. तीन वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"सकाळी. तू?"

"उजाडताच."

"मग सांगायचं नाही?"

"कोणाला सांगायचं? बॉनेटला?"

धाकट्याला हसू यायला लागलं. त्याचं हसू पोटापासून सुरू व्हायचं आणि चेहऱ्यावर उशिरा पोचायचं. थोरल्याला राग आला होता की भरून आलं होतं हे त्याचं त्यालाच कळेना, म्हणून त्यानं खिशातून आगपेटी काढली. "धर," तो म्हणाला. "दोन काड्या. तुझ्या बाजूनं तू फिरव, माझ्या बाजूनं मी. आणि एक सांगून ठेवतो, रंगाआधी मोजायच्या असतात."

"दादा, रंग झालाय आता. तुझे ओघळसुद्धा वाळले."

मग कामाला सुरुवात झाली. आणि हे काम एकट्याचं कधीच नव्हतं. डावीकडची बिजागरी सैल करून बॉनेट जरा ढकललं की ते उजवीकडे जाऊन रुततं. मागचा कोपरा खाली घेतला की पुढचं नाक वर येतं. एकानं धरायचं, दुसऱ्यानं कसायचं, आणि मधल्या मधे सारखं बोलावं लागतं. "थोडं माझ्याकडे." "अर्धा सूत." "अरे, जास्त झालं." "आता मागचा कोपरा दाब." "दाबलाय की!" "पोटानं नको, हातानं दाब." दुपारपर्यंत तीन वर्षांचं बोलणं भरून निघालं, त्यातलं निम्मं शिव्यांत. संध्याकाळी चारी बाजूंनी दोन काड्या सहज फिरल्या.

गाडी बाहेर काढून बघायची म्हणून दोघांनी ती पुढच्या पत्र्याच्या बाजूनं वळवून दारापर्यंत ढकलली. मागे पत्र्याच्या भिंतीत गाडीएवढं भोक उरलं. थोरल्यानं त्यातून धाकट्याची बाजू बघितली. तिथं एक चेपलेलं दार पडलं होतं, त्यावर हातोड्याच्या खुणा, जणू कोणी त्याच्यावर सूड उगवला होता. धाकट्यानं थोरल्याची बाजू बघितली. तिथं रंगाच्या गनचं तोंड वाळलेल्या रंगानं बुजलं होतं.

"ही गन आहे का बुजगावणं?" धाकटा म्हणाला.

"आणि तू ते दार ठोकलंस, का दारानं तुला?"

त्यानंतर थोरल्यानं खिळे उपटायची पकड घेतली आणि घरात गेला. मधल्या दाराच्या फळ्या त्यानंच ठोकल्या होत्या, आणि जरा जास्तच मनापासून ठोकल्या होत्या. खिळे निघेनात. मग पलीकडून कोणीतरी फळी दाबून धरली आणि खिळे यायला लागले. शेवटची फळी निघाली तेव्हा पलीकडे धाकटा उभा होता. "आईनं दाराचं काही म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "माहीत आहे," थोरला म्हणाला.

रविवारी सकाळी धाकट्यानं बॉनेटवर शेवटचं कापड फिरवलं. दोघं नाहून, इस्त्रीचे कपडे घालून गाडीसमोर उभे राहिले. थोरल्यानं बॉनेट हातभर उंचीवरून सोडलं. आवाज झाला, तोच, भारदस्त. समोरच्या घरातली म्हातारी खिडकीत आली आणि म्हणाली, "अण्णा आले वाटतं," आणि मग तिला आठवलं आणि ती आत गेली. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते रंगाच्या वासावर ढकललं.

दोघं पुढच्या सीटवर बसले. थोरल्यानं किल्ली फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. आतून उंदीरही बोलला नाही.

"पेट्रोल?" थोरल्यानं विचारलं.

"मी स्वतः भरलंय. बॅटरी?"

थोरल्याचा हात किल्लीवरच राहिला. बॅटरी टेबलावर होती. सोमवारपासून चार्जिंगला, काठोकाठ भरलेली, आणि गाडीपासून दहा पावलांवर. आठवडाभर दोघं या गाडीभोवती फिरले, तिचा इंच न् इंच काड्यांनी मोजला, आणि तिच्या आत काय बसवायचं राहिलंय हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. एक पत्र्याचा माणूस, एक रंगाचा. गाडी म्हणजे वरची साल, एवढंच दोघांना ठाऊक.

"त्यात काय! बॉनेट उघडतो, पाच मिनिटांचं काम," थोरला म्हणाला आणि त्यानं स्टिअरिंगखालचा दांडा ओढला. हा दांडा एका तारेला जोडलेला असतो, तार पुढच्या खटक्याला, आणि खटका सुटला की बॉनेट उघडतं. दांडा ओढल्याबरोबर लोण्यातून सुरी यावी तसा अलगद बाहेर आला आणि थोरल्याच्या हातात राहिला.

धाकटा खिडकीबाहेर बघायला लागला.

"बाळ्या."

"रंग देताना तार मधे येत होती," धाकटा म्हणाला. "नंतर जोडणार होतो."

आता दोनच वाटा होत्या. पहार घालून बॉनेट उचकटायचं, म्हणजे रंग गेला, फट गेली, काल दिवसभराचं सगळं गेलं. धाकटा पहार घेऊनही आला. त्यानं तिचं टोक फटीपाशी नेलं, मग थोरल्याकडे बघितलं. थोरल्यानं मान हलवली. धाकट्यानं पहार खाली ठेवली.

"मग?"

"मग काय, ढकल. पाच गल्ल्या तर आहेत."

थोरला उघड्या दारातून एका हातानं स्टिअरिंग धरून ढकलत होता, धाकटा मागून. वाटेत लोक दारांत आले. कोणी म्हणालं, नवी घेतली का? कोणी म्हणालं, दोन रंगांत स्वस्त पडते का? थोरला कोणाकडे बघत नव्हता. वेळ टळून जाईल आणि आई आत जाऊन दार लावून घेईल, एवढी एकच भीती त्याला होती. तिसऱ्या गल्लीपर्यंत इस्त्रीचे शर्ट पाठीला चिकटले.

आई ताईच्या दारात पायरीवरच बसली होती. मांडीवर पिशवी, हातात काठी. पिशवी घराची की ट्रकची, हे कळायला मार्ग नव्हता. गाडी समोर येऊन थांबली तशी ती उठली आणि एक चक्कर मारून आली.

"एका बाजूनं कैरी, दुसऱ्या बाजूनं डबकं," ती म्हणाली. "आणि मधे अण्णांचा हिरवा." मग तिनं पिशवीतून आगपेटी काढली, दोन काड्या घेतल्या आणि वाकून डावीकडच्या फटीतून फिरवल्या, उजवीकडच्या फटीतून फिरवल्या. काड्या कुठं अडल्या नाहीत, कुठं खुळखुळल्या नाहीत. दोघं भाऊ शाळेत निकाल लागताना उभे राहावेत तसे उभे होते.

"आई, आता तूच सांग," धाकटा म्हणाला. "अण्णा रंगाआधी मोजायचे का रंगानंतर?"

"अण्णा?" आई म्हणाली. "ते आधी त्या काड्यांनी कान कोरायचे आणि मग त्याच फटीत घालायचे. कोरून झिजलेली काडी असली तर फट अरुंद, नवी असली तर रुंद. तोंड वर करून सांगायचे मात्र, दोन काड्या. आणि तुम्ही दोघा गाढवांनी त्यावरून माझं घर चिरलंत."

तेवढ्यात ताई बाहेर आली. आई पुढच्या सीटवर बसली, काठी पायांशी ठेवली आणि म्हणाली, "चला. चालू करा."

थोरल्यानं धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं आकाशाकडे. शेवटी थोरल्यानं सगळं सांगितलं, बॅटरी, तार, दांडा. दांडा खिशातच होता, तो काढून दाखवलाही. आई ऐकत गेली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की खुब्याला हात लावून, "आई गं, दुखतंय," म्हणत पुन्हा हसली. ताई स्टिअरिंगवर बसली आणि डोळे पुसू लागली, आणि ते सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

"मग ढकला," आई म्हणाली.

परतीची वाट जरा चढाची होती. दोघं डिकीला खांदा लावून वाकले. डावी बाजू, उजवी बाजू आता कोणी बघत नव्हतं. जिथं हात बसेल तिथं धरलं होतं आणि खांद्याला खांदा लागत होता.

"बॅटरी डाव्या बाजूला बसते," धाकटा धापा टाकत म्हणाला. "म्हणजे तुझ्या."

"आणि तार उजवीकडून जाते."

"बॅटरी असती तर तार लागलीच नसती."

"तार असती तर बॅटरी बसवली असती, मूर्खा."

आईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "भांडताय का रे?"

"नाही, ढकलतोय," दोघं एकदम म्हणाले.

वर्कशॉपच्या दारात गाडी थांबली. आई उतरली, पत्र्यातल्या भोकाकडे बघितलं, तिथून सरळ चालत आत गेली आणि घराच्या मधल्या दारापाशी थांबली. खिळ्यांच्या भोकांवरून तिनं बोट फिरवलं. मग उंबरा ओलांडून पलीकडे गेली, तिथून परत अलीकडे आली. दोनदा.

"ताई तर चालली," ती म्हणाली. "आता रविवारी भेटायला जावं असं मला कोणी उरलं नाही. तुम्ही मला या गाडीतून फिरवून आणायचं. दर रविवारी." मग तिनं थोरल्याच्या टेबलाकडे काठी दाखवली. "आणि ती बॅटरी बसवाल तर याद राखा."

थोरल्यानं बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि ती दोन्ही हातांनी उचलून वर्कशॉपच्या माळ्याकडे निघाला. धाकट्यानं शिडी धरली.